लाल ज्याचं, चहा त्याले

आमच्या ऑफिसात सकाळी सकाळी कुणाच्या टेबलावर चहा आला तर त्याचं अभिनंदन करायचं नसतं. त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं. माझ्या सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "काम बिघडवलं की चहा, मंग चांगलं केलं की काय देता, जेवण?" असं त्या विचारतात. चांगलं केलं की काही नाही, सासूबाई. चांगलं केलं की गुमान पुढचं काम करायचं. ही रीत करुणा हिवाळेनं घालून दिली, आणि ती गेली तरी रीत चालू आहे. रीत राहते आणि माणूस जातं, हे मला मुळीच पटत नाही. पण माझ्या पटण्यावर काही असतं तर ती आत्ता समोरच्या खुर्चीत मांडी घालून बसली असती.

ऑफिस म्हणजे बुलढाण्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत, स्टेशनरीच्या दुकानावरचा मजला. कंपनी पुण्याची, आम्ही तिची इकडची फांदी. धान्याच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर करतो. सोयाबीन, हरभरा आला की पोती चढवायची, ओलावा किती ते टाकायचं, शेतकऱ्याला पावती द्यायची, असं सगळं त्यात. त्यात नवीन काही घातलं की जुनं मोडत नाही ना, हे बघणं आमच्याकडे. हातानं बघत बसलं तर दिवस पुरत नाही, म्हणून आम्ही तपासणारे छोटे प्रोग्राम लिहून ठेवतो. त्यांना आम्ही टेस्ट म्हणतो. रोज पहाटे मशीन त्या आपली आपण चालवतं. माणसासारखं नाव टाकतं, बटण दाबतं आणि शेवटी सांगतं. जमलं तर हिरवं, मोडलं तर लाल.

करुणा येण्याआधी ज्याच्या टेस्ट त्याच्या कॉम्प्युटरवर. कोणाचं काय लाल आहे हे दुसऱ्याला कळायचं नाही. आमचा प्रमोद, मान खाली घालून बैलासारखं काम करणारा माणूस, पण काही मोडलं की त्याचं एकच वाक्य, "माह्याकडे तर चालून राह्यलं." त्याच्याकडे चालायचं आणि नांदुऱ्याच्या गोदामात बंद पडायचं. शेवटी पुण्याहून निरोप आला की तुमच्याकडे काय चाललंय ते आम्हाला इथून दिसत नाही. उन्हाळ्यापर्यंत दिसायला लागलं तर ठीक, नाहीतर बुलढाण्याचं ऑफिस बंद करू. ज्यांना पुण्याला यायचं असेल त्यांना जागा आहे.

यायचं म्हणे. माझा नवरा इथं कोर्टात क्लार्क, मुलगा शाळेत, सासूबाई गुडघ्यानं बसलेल्या. प्रमोदचे आईवडील शेतावर, त्याच्याशिवाय दुसरं कोणी नाही. आमच्यातल्या निम्म्यांना तर पुण्याची जागा असून नसल्यासारखी. मी इथं शिकले, इथंच नोकरी मिळाली, आणि ती इथंच राहावी एवढंच मला हवं होतं. त्यासाठी पुण्यानं एक बाई पाठवली. पाठवली कसली, तिनंच मागून घेतलं होतं.

पुण्याची मॅडम येणार म्हटल्यावर मी आधीच ठरवून टाकलं होतं की ही आपल्याला आवडायची नाही. आली ती एसटीतून उतरून, खांद्याला पिशवी. चपला दाराशी काढल्या, खुर्चीत मांडी घातली आणि सगळ्यांच्या देखत डबा उघडला. ज्वारीची भाकर आणि ठेचा. "चिखलीपासून पोटात कावळे ओरडून राह्यले व बाई," असं मला म्हणाली आणि अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. ती लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, आता रिटायर, एकटेच घरी. शनिवारी ती गावी जायची आणि सोमवारी तिकडचा डबा घेऊन यायची. ठरवलेलं सगळं माझं त्या अर्ध्या भाकरीवर गेलं.

ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही होता. करुणानं विचारलं, "हा कायले आहे?" आमचे ब्रँचचे साहेब, खर्चे साहेब, काहीतरी 'प्रेझेंटेशन' वगैरे म्हणणार, तेवढ्यात प्रमोद म्हणाला, "मॅचसाठी." ती हसली. "आजपासून हा आपला फळा," म्हणाली. सगळं जग त्याला डॅशबोर्ड म्हणतं. तिलाही तो शब्द येत होताच, पण गुरुजींच्या घरची पोर, तिनं फळाच म्हटलं. रोज सकाळी आल्या आल्या ओढणीच्या टोकानं टीव्हीची काच पुसायची. काचेवर धूळ असो नसो. आम्ही चिडवायचो, तर म्हणायची, "पुसल्याशिवाय फळ्यावर लिवत नसतात."

आम्हाला वाटलं, आता सगळ्यांच्या सगळ्या टेस्ट फळ्यावर चढणार. खर्चे साहेबांनाही तेच हवं होतं, भरगच्च दिसलं म्हणजे काम दिसतं. तिनं सरळ नाही म्हटलं. "पहिल्या दिवशी एकच चढवू. कोणती, ते तुम्ही सांगा. काय मोडलं तर आपल्याले तोंड दाखवायले जागा राहणार नाही?" मग त्यावर जे भांडण झालं ते दुपारच्या जेवणानंतरही चालू. कोणी म्हणे लॉगिन, कोणी म्हणे वजन. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "अहो, माणूस ट्रॅक्टर घेऊन आला, पोती उतरवली आणि पावतीच निघाली नाही तर तो ऐकून घेईल का?" करुणानं टाळी वाजवली. फळ्यावर पहिली ओळ चढली, 'पोतं आलं की पावती निघाली.' एवढा मोठा टीव्ही आणि त्यावर एक हिरवा चौकोन. खालचा स्टेशनरीवाला वर येऊन बघून गेला आणि "बस एवढंच?" म्हणाला.

ओळीपुढं नाव लिहायचं होतं. "नाव त्याचंच लागन, जो उठून पाहीन," असा तिचा कायदा. लाल झालं की ज्याचं नाव आहे त्यानं उठायचं. दुसरं काही बघायचं नाही, ना हुद्दा, ना कोणी लिहिलं ते. नावाला कोणी पुढं होईना. सगळे एकमेकांकडे बघत बसले, तेव्हा तिनं स्वतःचं लिहिलं, करुणा. त्यानंतर रोज एकेकानं आपली एकेक ओळ चढवायची. 'ओलं सोयाबीन', 'एका पोत्याच्या दोन पावत्या', असली आमची नावं. पुण्यातल्या टेस्टना इंग्रजी आकड्यांची नावं असतात, ती वाचून काय मोडलं ते कळत नाही. आमचा फळा माझ्या कोर्टातल्या नवऱ्यालाही वाचता यायचा.

चहाची रीत पडली ती प्रमोदमुळे. त्याची ओळ लाल झाली आणि तो टीव्हीकडे पाठ करून बसला. डबा खाल्ला नाही. कोणी काही बोललं तर, "टेस्टच चुकीची असन." आमच्याकडे लाल म्हणजे शाळेतला लाल शेरा, घरी दाखवायचा नाही. करुणानं कोपऱ्यातल्या शेगडीवर स्वतः चहा ठेवला आणि कप त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. तो म्हणाला, "मॅडम, मी चुकलो, मी आणतो ना चहा." "बस बे खाली. लाल ज्याचं, चहा त्याले. ज्याचं हिरवं आहे त्याचे हात रिकामे आहेत, त्यानं करावा. तू पाह्य काय मोडलं ते." प्रमोदनं चहा घेतला आणि दुपारच्या आत शोधून काढलं. तेव्हापासून ज्यांचं हिरवं ते चहा करतात. त्यात आमचे पुरुषही चहा करायला शिकले, हा वरचा फायदा. प्रमोदचा चहा इतका गोड असतो की कधी कधी वाटतं, लाल परवडलं.

शिळ्या हिरव्यावर मात्र तिचा दात होता. एकदा पहाटे लाइट गेली, मशीन चाललंच नाही आणि फळ्यावर कालचाच हिरवा तसाच. आम्ही खूश. तिनं आमच्या तोंडावरचं हसू पुसून टाकलं. "शिळी भाकर खाता येते, शिळं हिरवं नाही," म्हणाली आणि फळ्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात वेळ लावून टाकली, हे कधीचं आहे ते. तसंच कधी हिरव्या कधी लाल होणाऱ्या टेस्टचं. त्यांना ती लहरी जावई म्हणायची. मान द्यावा तर फुगतो, न द्यावा तर रुसतो. त्यांना फळ्यावरून उतरवून बाजूला बसवायची आणि सुधारल्याशिवाय वर घ्यायची नाही. "लाल परवडते. लहरी असला की लोक फळ्याकडे पाहणंच सोडतात."

दिवसभर अशी बडबडणारी ही बाई पुण्याचा फोन आला की वेगळीच व्हायची. पाय खाली सोडून बसायची. वाक्य बोलायच्या आधी थांबायची. 'हो, बघते', 'हो, पाठवते', एवढंच. मी एकदा विचारलंच, मला पोटात ठेवता येत नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "तिथं पहिल्याच मीटिंगमध्ये मी 'का'च्या जागी 'काऊन' म्हणाली, आन् सगळे हसले. वाईट नव्हते व ते, सहज हसले. मंग मी तोंड उघडायच्या आधी थांबाले लागली. थांबता थांबता बोलणंच राह्यलं. लोकायले वाटे, हिला काही म्हणायचंच नसते." आणि मग लगेच, "इथं आली तर पाह्य, तोंडाले कुलूपच नाही." इथून आता हलायचं नाही, असंही ती त्या दिवशी म्हणाली. मी ते धरून बसले.

उन्हाळा आला आणि पुण्याहून मोठे साहेब आणि एक मॅडम बघायला येणार असं ठरलं. त्यांच्यासमोर आमचं राहणं किंवा बंद होणं. खर्चे साहेबांनी जिना धुऊन घेतला, फुलं मागवली. त्या सकाळी नेमकी एक ओळ लाल झाली, 'ओलं सोयाबीन', आणि ती ओळ करुणाची होती. ती अजून यायची होती. खर्चे साहेब प्रमोदला म्हणाले, "पाहुणे येऊन राह्यले, अंगण झाडाले नको? उतरव ती ओळ, संध्याकाळी चढवजो." प्रमोद त्यांच्यासाठी उतरवणारा नव्हता. करुणासाठी त्यानं उतरवली. पाहुण्यांसमोर ताईचं नाव लाल कशाला दिसावं, असं त्याला मनापासून वाटलं. मी बघत होते आणि मलाही ते बरंच वाटलं. आपल्याकडे पाहुणा दारात असताना घरातल्या बाईचा कमीपणा कोणी दाखवत नाही.

करुणा आली, काच पुसायला ओढणी उचलली आणि थांबली. एक ओळ कमी होती, तिला बघताक्षणी कळलं. तोवर पाहुणे जिना चढत होते. "माह्यं लाल कोणं लपवलं?" तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. प्रमोदनं खाली बघितलं. तिनं कीबोर्ड ओढला आणि ओळ परत चढवली. पाहुणे आत आले ते थेट त्या लाल चौकोनासमोर, बाकी सगळं हिरवं, मधेच एक लाल, त्यापुढं तिचं नाव. खर्चे साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. मुलाची शाळा, घर, सगळं डोळ्यासमोर आलं.

पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "हे लाल काय आहे?" करुणा थांबली. तिचं ते जुनं थांबणं मला ओळखू आलं, आता ही 'हो, बघते' म्हणणार. पण ती म्हणाली, "माह्यं आहे. आज पहाटेच झालं. ओलं सोयाबीन कोरडं म्हणून चढून राह्यलं. गोदामात जायच्या आधी इथं सापडलं म्हणून तर फळा लावला आहे. आन् आमच्याकडे लाल ज्याचं असते त्याले चहा मिळते. तुम्ही पण घ्या." कोणी हसलं नाही. प्रमोद धावत शेगडीकडे गेला. पुण्याच्या मॅडमनी तो पाक घातलेला चहा घेतला, खुर्ची फळ्यासमोर ओढली आणि एकेका ओळीचं नाव मोठ्यानं वाचत बसल्या. जाताना म्हणाल्या, "हे मला पुण्यातही दिसत नाही."

पुढच्या आठवड्यात खर्चे साहेबांनी एका दमात दोन्ही बातम्या सांगितल्या. बुलढाण्याचं ऑफिस राहणार. आणि पुण्याच्या सगळ्या टीमना असाच फळा लावायचा, त्यासाठी करुणानं तिकडे जायचं. आम्ही पहिल्या बातमीला टाळ्या वाजवल्या आणि दुसरी ऐकू येईपर्यंत हात थांबले नव्हते.

मला तिचा राग आला. सरळ म्हटलं, नाही म्हण, जबरदस्ती आहे का? ती म्हणाली, "नाही म्हटलं तर तिथं दुसरं कोणी लावन, आन् हिरवंच हिरवं लावन. मंग एखाद्या दिवशी कोणी विचारन, बुलढाण्याचं कायले पाह्यजे? तेव्हा तिथं तोंड उघडणारं एक माणूस पाह्यजे व." तोंड उघडणारं. त्याच पुण्यात तोंड मिटून इतकी वर्षं काढलेली बाई मला हे सांगत होती. गुरुजींनाही ती बरोबर नेणार होती, सुलतानपूरच्या घराला कुलूप. म्हणजे शनिवारची एसटी संपली, सोमवारचा डबा संपला. आमची नोकरी वाचली होती आणि मी घरी जाऊन रडले. नवरा म्हणाला, "अगं, चांगलं झालं ना?" चांगलंच झालं होतं.

शाल-नारळ तिनं करू दिलं नाही. शेवटच्या दिवशी फळ्यासमोर उभी राहून आपल्या ओळी एकेक करून वाटून दिल्या, बिऱ्हाड हलवताना बाई कुंड्या शेजारणींना देते तशा. सगळ्या दिल्यावर पहिली उरली. 'पोतं आलं की पावती निघाली.' तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ही राहू दे तुझ्या नावावर. ही कधी लाल होत नाही." "नियम मोडून राह्यली तू," ती म्हणाली. "मोडू दे." माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिनं ते नाव तसंच ठेवलं. स्टँडवर खिडकीत गुरुजी बसले होते, मांडीवर डब्याची पिशवी. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "फळा पुसत जाजो."

ती ओळ खरंच कधी लाल झाली नाही. सकाळी मी आले की आधी तिचं नाव बघायची. हिरव्यापुढं करुणा, म्हणजे सगळं ठीक. सुरुवातीला फोन व्हायचे, मग कमी झाले. तिला काम फार, आणि मला उगाच फोन करायला जमत नाही, काहीतरी कारण लागतं.

मागच्या महिन्यात एका सकाळी ती ओळ लाल झाली. सगळ्यांनी बघितलं. प्रमोदनं सवयीनं चहा ठेवला, कप भरला आणि हातात घेऊन उभा राहिला. द्यायचा कोणाला? मग त्यानं तो तिच्या जुन्या टेबलावर ठेवला. आणि खरं सांगते, त्यानंतर बराच वेळ कोणीच उठलं नाही. नाव तिचं होतं, म्हणून प्रत्येकाला वाटलं की आपलं नाही. दुपारी नवीन सॉफ्टवेअर गोदामांकडे जायचं होतं. मी फोन लावला, व्हिडिओ. कारण मिळालं होतं ना.

"हो, बोला." मीटिंगमधला आवाज. मग माझा चेहरा दिसला आणि ती उठून बाहेर आली. काचेचा लांब पॅसेज, येणारीजाणारी माणसं. "काऊन व, काय झालं?" भर पॅसेजमध्ये, चांगल्या मोठ्या आवाजात. मला इतकं बरं वाटलं की मी काय झालं ते सांगायलाच विसरले. मग म्हटलं, "तुझी ओळ लाल झाली." "दाखव," म्हणाली.

मी फोन उलटा करून फळ्यासमोर धरला. तिला फळा दिसत होता, मला फोनची पाठ. तिकडून नुसता आवाज आला, "पुसला नाही वाटते." मी ओढणीनं काच पुसली. "चहा ठेवला?" "ठेवला. तुझ्या टेबलावर." "कोण पाहून राह्यलं मंग, काय मोडलं ते?" मी प्रमोदकडे बघितलं. प्रमोदनं चहाच्या कपाकडे. तिला कळलं.

"उज्ज्वला, माह्यं नाव काढ."

"करुणा…"

"इथून मी उठून येऊ शकते का? नाही ना. मंग नाव काढ. तुह्यं लाव. आन् तो चहा तू पी, गार होऊन राह्यला असन."

मी फोन सरळ केला तोवर कोणीतरी तिला आत बोलावत होतं. तिनं हात हलवला आणि वळली. पॅसेजमधून आत जाताना मला तिची पाठ दिसली. ओढणीचं टोक हातात धरलेलं, जशी फळा पुसायला निघाली आहे. मग फोन बंद झाला.

मी नाव बदललं. पावतीचं काय मोडलं होतं ते शोधलं, दुपारच्या आत हिरवं झालं. चहा प्यायले, गोड होता आणि पार गार.

आता पहिल्या ओळीपुढं माझं नाव आहे. रोज काच पुसते. ओळ रोज हिरवी असते. कधी कधी वाटतं, व्हावी एकदा लाल. पण झाली तरी आता मलाच उठायचं आहे आणि चहाही मलाच मिळणार, तिला फोन करायला काही कारण उरलेलं नाही.